तीन कोटी शब्दांची तफावत

अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या ४२ कुटुंबांत दरमहा तासभर बसून बेट्टी हार्ट व टॉड रिस्ली यांनी लहान मुलांशी होणारे बोलणे ध्वनिमुद्रित केले. १९९५ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष अस्वस्थ करणारे होते. उच्च व्यावसायिकांच्या मुलाशी तासाला सरासरी २,१५३ शब्द बोलले जात, कामगाराच्या मुलाशी १,२५१, तर सरकारी मदतीवर जगणाऱ्या घरात अवघे ६१६. या तासाचा दिवसांशी व वर्षांशी गुणाकार करून, चौथ्या वर्षापर्यंत तीन कोटी शब्दांची तफावत पडते, असे अनुमान त्यांनी मांडले.

आकडा गाजला, परंतु तो पारखून घेतला पाहिजे. सर्वांत गरीब गटात केवळ सहा कुटुंबे होती. शिवाय मोजले गेले ते मुलाला उद्देशून उच्चारलेले शब्द. २०१९ साली डग्लस स्पेरी व सहकाऱ्यांनी अवतीभवतीचे बोलणेही जमेस धरले, तेव्हा वर्गावर्गांतील ही दरी तशी आढळली नाही. एकाच वर्गातील घराघरांत मात्र मोठा फरक दिसला. गरिबाचे घर मुके असते, हा निष्कर्ष त्यामुळे टिकत नाही.

तथापि वर्गभेद खोटा ठरत नाही. मुलाशी निवांत बोलण्यास वेळ लागतो, आणि वेळ हीदेखील विषमतेने वाटली गेलेली संपत्तीच आहे. बीडहून ऊसतोडीस जाणारे जोडपे पहाटे फडात उतरते. मूल पाचटावर खेळत असते. त्या आईजवळ ओव्या असतात, कहाण्या असतात. नसते ती फुरसत. पुढे हेच मूल शाळेत येते, तेव्हा त्याची बोली 'अशुद्ध' ठरवून आपण त्याला गप्प करतो. घरी न मिळालेला संवाद शाळाही नाकारते.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला व पुढे कोसबाडला बालशिक्षण गरिबाच्या पाड्यावर, त्याच्या अंगणात नेले. १९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगावी पोहोचली. आज तेथील सेविकेला वेतन नव्हे, मानधन मिळते आणि तिचा बराच वेळ नोंदी भरण्यात जातो. आईजवळ नसलेली फुरसत निदान तिला तरी द्यावयास हवी. मुलांशी बोलणे हे तिचे काम मानून त्याचा रास्त मोबदला देणे, ही दया नव्हे; ती समाजाची गुंतवणूक आहे.