मोटर नुसतीच घुमते तेव्हा

पिंपळगाव बसवंतच्या परिसरात द्राक्षबागांचे मोठे पंप बहुतेक थ्री-फेजवर चालतात. घरच्या बोअरची किंवा टाकी भरायची छोटी मोटर मात्र सिंगल-फेजची असते. तिची एक अडचण आहे: ती आपली आपण सुरू होऊ शकत नाही.

थ्री-फेज वीज मोटरमध्ये फिरते चुंबकीय क्षेत्र तयार करते; रोटर त्याच्यामागे ओढला जातो. सिंगल-फेजचे क्षेत्र फिरत नाही, जागच्या जागी उलटसुलट होते. थांबलेल्या रोटरला दोन्ही दिशांना सारखाच जोर मिळतो, म्हणून तो हलत नाही. एकदा फिरू लागला, की मात्र त्याच दिशेने फिरत राहतो.

हा पहिला धक्का देण्यासाठी मुख्य वाइंडिंगशी काटकोनात दुसरे, स्टार्टिंग वाइंडिंग असते. त्याला जोडलेला कपॅसिटर तिथला प्रवाह मुख्य प्रवाहाच्या पुढे नेतो आणि फिरते क्षेत्र तयार होते. अनेक मोटरींत वेग सुमारे 75 टक्क्यांवर गेला, की सेंट्रिफ्युगल स्विच या स्टार्टिंग वाइंडिंगचा पुरवठा तोडतो. छताच्या पंख्यात मात्र साधारण 2.5 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर कायम जोडलेला असतो. बोअरच्या पॅनेलमध्ये बहुधा स्टार्ट आणि रन असे दोन कपॅसिटर असतात.

कपॅसिटर बिघडला, की मोटर न फिरता नुसती घुमत राहते. तसे झाले, तर लगेच बंद करा; वाइंडिंग जळू शकते. कपॅसिटर बदलताना मायक्रोफॅरड तोच ठेवा, व्होल्टेज कमी घेऊ नका. वीज बंद केल्यावरही त्यात विद्युतभार उरतो, म्हणून हे काम वायरमनकडूनच करून घ्यावे.