खारवट जमिनींतील कपाशी

वऱ्हाडांत अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून पूर्णा नदीच्या खोऱ्यांत पसरलेला खारपाणपट्टा वाचकांस ठाऊक आहेच. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां या पट्ट्यांत आम्ही पुष्कळ हिंडलों. तेथें एका कास्तकारानें कर्ज काढून विहीर खणली व तिचें खारें पाणी तीन वर्षें कपाशीस दिलें. पहिल्या वर्षीं पीक बरें आलें. तिसऱ्या वर्षीं जमीन अशी आवळली कीं वखराची पास तींत शिरेना.

कपाशी क्षार सोसते, हें खरें आहे. जमिनींतील पाण्यांत क्षार वाढले म्हणजे मुळांस तें पाणी ओढणें जड जातें; ओल असूनही झाड तहानलेलें राहतें. तेव्हां कपाशी आपल्या पेशींतील रस दाट करून ओढ वाढविते, आणि आंत शिरलेला सोडियम पेशींच्या पोकळींत व जुन्या पानांत कोंडून कोंवळा शेंडा वांचविते. यामुळें मातीच्या संपृक्त अर्काची क्षारता ७.७ डेसीसायमनपर्यंत उत्पन्न फारसें घटत नाहीं; पुढें दर एका अंकास तें शेंकडा सुमारें ५ नें उतरतें. परंतु सरकी उगवतांना व रोप लहान असतांना हा सोशिकपणा नसतो.

खारवट व चोपण हे दोन निराळे दोष होत. खारवट जमिनीवर पांढरा थर फुलतो. निचरा असल्यास गोड्या पाण्यानें ते क्षार धुवून जातात. चोपण जमिनींत सोडियम चिकणमातीच्या कणांस चिकटतो. पाणी मुरत नाहीं, आणि वाळल्यावर ढेकूळ फुटत नाहीं. पूर्णाकांठच्या काळ्या जमिनींत हा दुसरा उपद्रव विशेष आहे. येथें नुसतें पाणी उपयोगी नाहीं, जिप्सम घालावें. त्यांतील कॅल्शियम सोडियमची जागा घेतो व सुटलेला सोडियम पावसानें खालीं जातो. चर काढून वाट दिली नसेल तर हा खर्च व्यर्थ होय.

म्हणून प्रथम माती व पाणी दोन्ही तपासून घ्यावीं. परीक्षणांत सांगितलेलें जिप्सम पावसाळ्यापूर्वी वरच्या थरांत मिसळावें. शेणखत व ढेंच्याचें हिरवळीचें खत द्यावें. पावसाचें पाणी शेततळ्यांत सांठवून पिकास ताण पडेल तेव्हां तेंच द्यावें. सरीनें पाणी देत असल्यास क्षार वरंब्याच्या माथ्यावर गोळा होतात, यास्तव सरकी बगलेस टोचावी.

नवी विहीर खणण्यापूर्वी शेजारच्या विहिरीचें पाणी तपासून पाहण्यास खर्च थोडा लागतो. सात-बाराच्या उताऱ्यावर क्षेत्र पूर्वींइतकेंच राहतें. जमिनीचा कस गेला, हें त्यावर कोठेंही उमटत नाहीं.