मानमोडीचे साल

जुन्या पिढीतील वृद्धांना वय विचारले, तर सालाचा आकडा न सांगता एखाद्या मोठ्या आपत्तीचा आधार घेऊन ते सांगण्याची रीत आपल्या खेड्यापाड्यांतून दीर्घकाळ रूढ होती. कोणी प्लेगच्या साली जन्मलेला असे, कोणी मोठ्या दुष्काळात, तर कोणी मानमोडीच्या साली. प्लेगची आठवण रँडच्या वधाने आणि रुग्णसेवेत देह ठेवणाऱ्या सावित्रीबाई फुले यांच्या नावाने इतिहासात कायम झाली, दुष्काळांचे अहवाल सरकारदप्तरी जपले गेले. परंतु प्लेगने दोन दशकांत जेवढी माणसे नेली, तेवढी किंवा त्याहून अधिक माणसे जिने अवघ्या काही महिन्यांत नेली, त्या १९१८ च्या साथीचे नावसुद्धा आज बहुतेक घरांतून पुसले गेले आहे. ज्या तापात सर्वांग मोडून येई आणि मान उचलवत नसे, त्याला लोकांनी आपल्या अनुभवातून दिलेले मानमोडी हे नाव; डॉक्टर त्यालाच इन्फ्लुएंझा म्हणत, आणि महायुद्धाच्या दिवसांत आला म्हणून कोठे कोठे त्यास युद्धज्वर अशीही संज्ञा मिळाली.

या साथीचा हिंदुस्थानातील प्रवेश मुंबई बंदरातून झाला. युद्धाचे चौथे वर्ष सरत आले होते, आणि मेसोपोटेमियाच्या आघाडीकडे फौज व दाणागोटा नेणारी, तिकडून जखमी व रजेवरचे शिपाई आणणारी जहाजे गोदीत अहोरात्र ये-जा करीत होती. १० जून १९१८ रोजी सात पोलीस शिपाई, त्यांतील एक गोदीवर पहाऱ्यास असलेला, तापाने आजारी होऊन पोलिसांच्या इस्पितळात दाखल झाले, आणि हा ताप हिवतापाचा नव्हे एवढे डॉक्टरांच्या ध्यानी आले. पाठोपाठ गोदीतील कामगार, पोर्ट ट्रस्टचे नोकर, पेढ्यांतील कारकून आणि गिरण्यांतील मजूर अंथरुणास खिळू लागले. मेअखेरीस बंदरात आलेल्या जहाजाने हा रोग आणला, असे नगरपालिकेचे आरोग्याधिकारी डॉ. टर्नर यांचे मत होते. सरकारी गोटातून मात्र शहराच्या अस्वच्छतेकडे बोट दाखविण्यात आले. दोष बंदराचा की वस्तीचा, हा वाद चालू असतानाच पावसाळ्याच्या आरंभीची ती लाट ओसरली, आणि ताप आला तसा गेला या समजुतीने शहर पुन्हा कामास लागले.

सप्टेंबरात तोच रोग परतला, तो वेगळ्याच रूपाने. पहिल्या लाटेने मुख्यत्वे लहानांना व वृद्धांना गाठले होते. आता वीस ते चाळीस या वयाची, घर चालविणारी, धडधाकट माणसे तापाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी श्वास कोंडून दगावू लागली. नाकातून रक्त वाहे, फुप्फुसांत द्रव साचे, ओठ आणि चेहरा काळानिळा पडे. ६ ऑक्टोबर रोजी, पितृपक्ष संपून घटस्थापनेचा सुमार असताना, एकट्या मुंबई शहरात एका दिवसात ७६८ मृत्यू नोंदले गेले. शहरातून लोक गावी पळाले, आणि आगगाडी त्यांना व त्यांच्यासोबत रोगाला घेऊन घाटावर गेली. मुंबई इलाख्यात ऑक्टोबरात, गंगेच्या खोऱ्यात नोव्हेंबरात आणि त्यापुढे पूर्वेकडे, असा साथीचा प्रवास झाला. जसजशी ती पूर्वेस सरकली तसतशी तिची मारकता उतरत गेली, आणि सर्वाधिक आघात मुंबई इलाखा व मध्यप्रांत-वऱ्हाड या भागांनी सोसला. या दोन्ही मुलखांत दर हजारी पन्नासांहून अधिक माणसे मेली. संपूर्ण हिंदुस्थानातील मृतांची संख्या अभ्यासकांनी सुमारे सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत अंदाजिली आहे. अंदाजांतील या अंतराचे कारण करुण आहे : जन्ममृत्यूची नोंद ठेवणारे गावकामगारच जेथे आजारी पडले, तेथे मरणाऱ्याचे नाव लिहून घ्यावयास कोणी उरले नाही. खानेसुमारीने मात्र खरे काय ते सांगितले. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीतील लोकसंख्या १९११ ते १९२१ या दशकात वाढण्याऐवजी सुमारे तीन टक्क्यांनी घटली, आणि तसे दशक त्यानंतर पुन्हा आले नाही.

एवढा संहार का झाला, याचा विचार करताना केवळ रोगाच्या उग्रतेपाशी थांबता येत नाही. त्या वर्षी पावसाने दगा दिला होता. दख्खनच्या अवर्षणप्रवण जिल्ह्यांत ज्वारी-बाजरी करपली होती, चाऱ्याअभावी गुरे खंगून दूध दुर्मीळ झाले होते, आणि युद्धामुळे धान्याचे व कापडाचे भाव आधीच गगनास भिडले होते. ज्या देहांना महिनोन्महिने पोटभर भाकरी मिळाली नव्हती, त्यांच्यावर हा ताप कोसळला. भरीस भर म्हणून पुष्कळसे डॉक्टर आघाडीवर गेलेले होते, आणि खेड्यात दवाखाना म्हणावा असे काही नव्हतेच. रब्बीच्या पेरणीची वेळ आली तेव्हा पाभर धरणारे हात अंथरुणावर होते. म्हणून साथ ओसरल्यावरही उपासमार मागे राहिली.

मुंबई नगरपालिकेच्या दप्तरात या साथीची एक आकडेवारी नोंदलेली आहे, आणि माझ्या मते त्या काळच्या शेकडो पानी अहवालांपेक्षा तिच्यात अधिक सत्य आहे. त्या साथीत दर हजारी मृत्यूंचे प्रमाण युरोपियनांत ८.३, पारशांत ९, सवर्ण हिंदूंत १८.९, मुसलमानांत १९.२, आणि ज्यांना त्या तक्त्यात ‘खालच्या जातीचे हिंदू’ असे म्हटले आहे त्यांच्यात ६१.६ होते. शहर एक, समुद्र एक, हवेतून उडणारे रोगबीजही एक. तरीही मलबार टेकडीवरील बंगला आणि कामाठीपुऱ्यापलीकडच्या अंधाऱ्या खोल्या यांत मरणाचे अंतर सातपटीहून अधिक. रोगबीज जात विचारीत नाही, असे आपण म्हणतो आणि ते खरेही आहे; परंतु एका खोलीत किती माणसे निजतात, खिडकी आहे की नाही, आजाऱ्यास दूध मिळते की नाही, आणि दोन दिवस कामावर न गेल्यास चूल पेटते की नाही, हे सारे जातीने व मजुरीने ठरविलेले असेल, तर रोगबीजाने जे विचारले नाही ते समाजानेच त्याच्या वतीने विचारलेले असते.

दुसरी एक गोष्ट आकड्यांतून वर येते, ती म्हणजे स्त्रियांचे मृत्यू. हिंदुस्थानात तरुण पुरुषांपेक्षा तरुण स्त्रिया अधिक संख्येने मेल्या. घरात आधीच तिच्या वाट्याला कमी अन्न. आजाऱ्याच्या उशाशी बसणे, त्याचे तोंड पुसणे, कपडे धुणे, कोंदट खोलीत धुराच्या चुलीवर पेज शिजविणे हे सर्व तिचे काम. आणि ती स्वतः तापली तर तिच्या उशाशी बसणारे कोणी नाही. या रोगावर त्या काळी औषध नव्हते, परंतु पाणी, पेज, पांघरूण आणि विश्रांती एवढ्यानेही अनेक जीव वाचू शकत होते. जेथे घरातील सर्व माणसे एकाच वेळी पडली, तेथे तांब्याभर पाणी देणारा हात न राहिल्यामुळेही माणसे गेली. ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापिलेली सोशल सर्व्हिस लीग, नाना ज्ञातिसंस्था आणि स्वयंसेवकांची पथके औषधे व दूध घेऊन वस्त्यांत शिरली, तेव्हा त्यांनी दिलेल्या औषधापेक्षा त्यांचे तेथे जाणेच अधिक गुणकारी ठरले असावे.

वैद्यकशास्त्र त्या वेळी अंधारात चाचपडत होते. रिचर्ड फायफर या जर्मन शास्त्रज्ञाने १८९२ साली इन्फ्लुएंझाच्या रुग्णांत सापडलेल्या एका जंतूस या रोगाचे कारण ठरविले होते, आणि १९१८ मध्ये जगभरच्या प्रयोगशाळा त्याच जंतूच्या मागे लागून लसी तयार करीत होत्या. खरा अपराधी त्याहून कितीतरी सूक्ष्म, साध्या सूक्ष्मदर्शकास न दिसणारा विषाणू होता. १९३३ साली लंडनमध्ये विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज व पॅट्रिक लेडलॉ यांनी रुग्णाच्या घशातील स्राव अतिसूक्ष्म गाळणीतून गाळून फेरेट या मुंगसासारख्या प्राण्याच्या नाकात घातला, आणि त्या प्राण्यास ताप व शिंका येऊ लागल्या, तेव्हा त्याचा छडा लागला. पुढे कोंबडीच्या अंड्यात हा विषाणू वाढविता येऊ लागला, आणि त्यातूनच पुढील दशकात लस सिद्ध झाली.

हा विषाणू पुन्हा पुन्हा का येतो, हे समजून घेतल्याखेरीज त्याचा प्रतिबंध समजत नाही. त्याची जनुकसामग्री आठ सुट्या तुकड्यांत वाटलेली असते, आणि त्याच्या पृष्ठभागावर दोन प्रकारची प्रथिने असतात : हिमॅग्लुटिनिन हे आपल्या पेशीस चिकटण्याचे साधन, आणि न्यूरामिनिडेज हे नव्या विषाणूंना पेशीतून सोडवून बाहेर काढणारे साधन. आपले शरीर ही प्रथिने ओळखूनच त्याला अडविते. नकला करताना या विषाणूकडून सतत लहानसहान चुका होतात, त्यामुळे त्याचे रूप दरवर्षी थोडे पालटते आणि गतवर्षीची ओळख अपुरी पडते. ही झाली नेहमीची हंगामी साथ. परंतु मनुष्याचा व पक्ष्याचा असे दोन विषाणू डुकरासारख्या एखाद्या प्राण्याच्या एकाच पेशीत शिरले, तर पत्त्यांचे दोन जोड एकत्र पिसावेत तसे त्यांचे तुकडे मिसळून सर्वस्वी नवे वाण निपजू शकते, आणि त्याची ओळख जगातील बहुतेकांच्या शरीरास नसल्यामुळे जागतिक साथ उद्भवते. १९५७ आणि १९६८ च्या साथी पक्ष्यांकडून आलेल्या अशा तुकड्यांनी घडविल्या. १९१८ चा विषाणूही पक्ष्यांतील विषाणूंचा निकटचा आप्त होता, हे कळण्यास मात्र जवळजवळ नव्वद वर्षे लागली : अलास्कातील एका गावी त्या साथीत मेलेल्यांची प्रेते गोठलेल्या भूमीत टिकून राहिली होती, योहान हुल्टिन यांनी १९९७ साली तेथून फुप्फुसाचा नमुना आणला, आणि जेफ्री टॉबेनबर्गर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ पर्यंत त्या विषाणूची संपूर्ण जनुकलिपी वाचली.

हा धोका आपल्यापासून दूर नाही, याची साक्ष महाराष्ट्राने दोनदा दिली आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथील कुक्कुटपालन केंद्रांत एच५एन१ या पक्षिज्वराचा देशातील पहिला उद्रेक उघडकीस आला, आणि लक्षावधी कोंबड्या मारून तो आवरावा लागला. पुढे २००९ साली मेक्सिको व अमेरिकेतून एच१एन१ चे नवे वाण जगभर पसरले. ११ जून रोजी जागतिक आरोग्य संघटनेने जागतिक साथ जाहीर केली, आणि ३ ऑगस्ट रोजी तिचा भारतातील पहिला बळी, एक चौदा वर्षांची मुलगी, पुण्यात गेली. नायडू रुग्णालयापुढील रांगा, बंद शाळा आणि रुमालांनी झाकलेले चेहरे पुणेकरांच्या स्मरणात आहेत. परंतु या वेळी त्याच शहरात, १९५२ पासून कार्यरत असलेल्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत, रोगाचे निदान होऊ शकत होते. आणि पुढल्या वर्षी पुण्यातीलच सीरम इन्स्टिट्यूटने त्या वाणावर नाकात फवारावयाची लस उपलब्ध करून दिली. १९१८ चे डॉक्टर ज्या शत्रूस पाहू शकले नव्हते, त्याची ओळख आता काही तासांत पटू लागली होती.

उपचारांतही तेवढेच अंतर पडले आहे. ओसेल्टामिविर हे औषध न्यूरामिनिडेजला निकामी करून नव्या विषाणूंची सुटका रोखते. लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांच्या आत ते सुरू झाल्यास त्याचा गुण सर्वाधिक. आपल्या मसाल्यातील चक्रीफुलापासून मिळणारे शिकिमिक आम्ल हा या औषधाचा एक कच्चा माल आहे, म्हणून चक्रीफुलाचा काढा घेतल्याने फ्लू बरा होतो असा समज कोणी करून घेऊ नये. त्या आम्लावर अनेक रासायनिक प्रक्रिया होऊन मगच औषध बनते. प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत. परंतु १९१८ मधील बहुतांश मृत्यू विषाणूच्या पाठीमागून फुप्फुसांत शिरलेल्या जंतूंच्या न्यूमोनियाने झाले, असे जपून ठेवलेल्या नमुन्यांच्या तपासणीवरून दिसते, आणि त्या न्यूमोनियावर आज पेनिसिलिनच्या वंशातील औषधे आहेत. म्हणून धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर होणे, गुंगी येणे, किंवा उतरलेला ताप पुन्हा जोराने चढणे यांपैकी काहीही दिसले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. मुलांना तापात अ‍ॅस्पिरिन देऊ नये, कारण त्यांना त्यातून मेंदू व यकृत यांचा गंभीर विकार जडू शकतो.

प्रतिबंधाचे पहिले साधन लस. विषाणू पालटतो म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांचे नमुने पाहून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लसीतील घटक ठरविते, आणि म्हणूनच ही लस दरवर्षी घ्यावी लागते. आपल्याकडे फ्लूचा मुख्य जोर पावसाळ्यात असतो आणि लशीचे संरक्षण तयार होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. तेव्हा मृग नक्षत्राच्या आधी, उन्हाळ्यातच ती टोचून घेणे शहाणपणाचे. गर्भवती स्त्रिया, पासष्टीपुढील वृद्ध, सहा महिन्यांपुढील व पाच वर्षांखालील मुले, आणि दमा, मधुमेह वा हृदयविकार असलेली माणसे यांना तिची गरज सर्वाधिक. दुसरे साधन हवा : उघडी खिडकी, खोकताना झाकलेले तोंड, धुतलेले हात, गर्दीत मुखपट्टी, आणि आजारी मुलास शाळेत न पाठविण्याचा विवेक. ही साधने साधी आहेत, परंतु ती सर्वांच्या आवाक्यात आहेत असे समजणे ही मोठी भूल होय. ज्याच्या खोलीला खिडकीच नाही त्याला वायुवीजनाचा उपदेश करून काय उपयोग, आणि रोजंदारीवरच्या मजुराने भरपगारी रजेवाचून तीन दिवस घरी कसे राहावे?

यासाठी १९१८ ची ती आकडेवारी वारंवार उघडून वाचली पाहिजे. शास्त्राने त्या वेळच्या सर्व प्रश्नांची उत्तरे दिली असे मानले, तरी ८.३ आणि ६१.६ यांमधील अंतर कोणतीही प्रयोगशाळा भरून काढू शकत नाही. ते घरांच्या बांधणीने, रास्त धान्याने, आजारपणाच्या रजेने आणि वस्तीजवळच्या दवाखान्याने भरावे लागते. नवी साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकणार नाही, पण आली की तिच्या बंदोबस्ताची यादी कोणापासून सुरू करावी हे आपल्याला ठाऊक आहे : उशाशी बसणाऱ्यांपासून. वस्तीत घरोघर फिरणारी आशा सेविका, इस्पितळातील परिचारिका, कक्षांत झाडू मारणारा कामगार, आणि घरात सर्वांची सेवा करून शेवटी जेवणारी स्त्री यांना पहिली लस, पहिली मुखपट्टी आणि पहिली विश्रांती मिळावी. त्या वर्षीची दिवाळी नोव्हेंबरच्या आरंभी आली, आणि कित्येक घरांत पणती लावण्याइतके बळ असलेले माणूस नव्हते. त्या घरांतील आजाऱ्यांस ज्यांनी शेवटपर्यंत पाणी दिले, त्यांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत; त्यांना पाणी देणारे कोणी असावे, अशी तजवीज आपण आधीच करून ठेवली, तरच मानमोडीच्या सालाची आठवण आपण राखली असे म्हणता येईल.