हात गळ्यात बांधताना : रुग्णाच्या नातेवाइकांसाठी

हात दुखावला की तो गळ्यात बांधावा, हे घरोघरी ठाऊक असते. कसा बांधावा, हे मात्र थोड्यांनाच. म्हणूनच आपल्या अस्थिरोग विभागातून रुग्णास घरी सोडण्यापूर्वी परिचारिका एका नातेवाइकाकडून झोळी बांधून घेतात. नुसते पाहून हात बसत नाही. बांधून, सोडून, पुन्हा बांधूनच तो बसतो.

साधन साधे आहे. सुमारे एक मीटर लांबी-रुंदीचे सुती कापड तिरके कापले की दोन त्रिकोणी पट्ट्या होतात. जर्मन शल्यविशारद फ्रीडरिख फॉन एस्मार्क यांनी एकोणिसाव्या शतकात प्रथमोपचारात या पट्टीचा प्रसार केला.

सूज वाढण्यापूर्वी अंगठ्या, बांगड्या व घड्याळ काढावे. रुग्णाने दुखरा हात दुसऱ्या हाताने तोलून धरावा. पट्टी हात व छाती यांमधून सरकवावी; शेंडा कोपराकडे असावा. वरचे टोक मानेमागून दुखऱ्या बाजूस आणावे, खालचे टोक हातावरून वर घ्यावे आणि खांद्यापुढच्या खळग्यात गाठ मारावी. मानेच्या मणक्यावर ती नसावी. शेंडा दुमडून पिन लावावी. पंजा कोपरापेक्षा किंचित उंच असावा. नवख्यांची पट्टी बहुधा आखूड पडते व मनगट लोंबते. ती करंगळीच्या मुळापर्यंत यावी, बोटांची टोके मात्र उघडी राहावीत. कोपर वाकत नसेल तर बळाने वाकवू नये. आहे त्या स्थितीत आधार द्यावा.

खरी जबाबदारी यानंतरची आहे. नख दाबून सोडल्यावर सुमारे २ सेकंदांत गुलाबी रंग परतला पाहिजे. बोटे थंड, निळसर वा बधिर झाली, किंवा ती सरळ करताना असह्य कळ आली, तर झोळी सोडून तत्काळ रुग्णालयात यावे. सकाळची वाट पाहू नये. सुजेने अथवा घट्ट प्लास्टरने रक्तपुरवठा खुंटल्यास स्नायू मृत होऊन बोटे कायमची आखडतात. रिखार्ड फॉन फोल्कमान यांनी १८८१ मध्ये वर्णिलेली ही विकृती वेळीच दक्षता घेतल्यास बहुधा टळते.

उलटपक्षी, सांगितलेल्या मुदतीपलीकडे झोळी वापरल्यास खांदा व कोपर आखडतात. डॉक्टरांनी मना केले नसेल तर बोटांची हालचाल पहिल्या दिवसापासून चालू ठेवावी.

कापडाचे मोल अल्प आहे. शिकविण्यास लागणारा परिचारिकेचा वेळ जमाखर्चात वेगळा दिसत नाही. दात्यांच्या साहाय्यामुळेच तो देता येतो, आणि रात्री घरी रुग्णाची बोटे तपासणारे कोणीतरी जाणते असते.