रेकॉर्डेबल तबकडीवरील बॅकअप

घरगुती संगणकाच्या हार्ड डिस्कवरील माहितीची दुसरी प्रत सीडी-आर, डीव्हीडी-आर यांसारख्या लेखनक्षम तबकड्यांवर उतरवून ठेवण्याच्या पद्धतीस तबकडीवरील बॅकअप म्हणतात. बाह्य हार्ड डिस्क स्वस्त झाल्यावर ही पद्धत मागे पडली. तथापि, सीडी-आरवर एकदा लिहिलेली माहिती बदलता येत नाही. त्यामुळे संगणकात शिरलेला व्हायरस किंवा चुकून पुसलेली फाइल यांचा त्या प्रतीवर परिणाम होत नाही.

रचना आणि टिकाऊपणा

कारखान्यात छापलेल्या सीडीवर माहिती सूक्ष्म खळग्यांच्या रूपात असते. सीडी-आरमध्ये मात्र लेझर किरण सेंद्रिय रंगद्रव्याच्या थरावर खुणा उमटवतो. ऊन, उष्णता व दमटपणा यांमुळे हे रंगद्रव्य कालांतराने खराब होते. सीडीचा परावर्तक थर नावाच्या बाजूस, पातळ लाखेखालीच असतो. म्हणून चकाकत्या बाजूपेक्षा नावाच्या बाजूवरील ओरखडा अधिक घातक ठरतो. तेथे बॉलपेनने लिहिणेही धोक्याचे असते. डीव्हीडीत हा थर ०.६ मिमी जाडीच्या दोन चकत्यांमध्ये सुरक्षित असतो.

क्षमता

सीडी-आरवर सुमारे ७००, तर एकपदरी डीव्हीडी-आरवर ४.७ अब्ज बाइट माहिती मावते, असे सरसकट सांगितले जाते. यांतील पहिला आकडा मेगाबाइटचा आहे. विंडोज १ गिगाबाइट म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट धरत असल्याने ४.७ अब्ज बाइट तेथे सुमारे ४.३८ गिगाबाइट दिसतात. एकपदरी ब्लू-रे तबकडीची क्षमता २५ गिगाबाइट असते.

पडताळणी

‘लेखन पूर्ण’ हा संदेश पुरेसा नसतो. लिहिलेली माहिती मूळ फाइलींशी ताडून पाहणारी पडताळणीची सोय बहुतेक लेखन-सॉफ्टवेअरमध्ये असते. वेळ वाचवण्यासाठी ती टाळली जाते आणि तबकडी सदोष असल्याचे मूळ फाइल नष्ट झाल्यावरच कळते. तबकडी दुसऱ्या संगणकावर उघडून पाहणेही आवश्यक असते.

देवनागरी मजकूर

आयएसओ ९६६० या मूळ मानकात फाइलींच्या नावांसाठी रोमन मोठी अक्षरे, अंक व अधोरेषा एवढीच मुभा होती. देवनागरी नावांसाठी युनिकोडवर आधारित जोलिएट किंवा यूडीएफ पद्धत निवडावी लागते. युनिकोडपूर्व काळात श्री-लिपीसारख्या प्रणालींच्या फॉन्टमध्ये टंकलेल्या मराठी मजकुरासोबत तो फॉन्टही तबकडीवर ठेवावा लागतो. अन्यथा फाइल शाबूत असूनही पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरे व चिन्हे दिसतात.