आधी खरेदी, मग अन्नकूट

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी जयपूरच्या त्रिपोलिया बाजारात धक्के खात चालावं लागतं. पितळी पराती, लोटे, हंडे थेट रस्त्यापर्यंत मांडलेले. गिऱ्हाईक भांडं उचलतं, बोटाने वाजवून बघतं, मगच ते तराजूत जातं. ऐपत नसेल तर चमचा चालेल, पण आज घरात धातूची नवी वस्तू यायलाच हवी. जोहरी बाजारात तीच रीत चांदीच्या नाण्यावर भागते. व्यापार मंडळं वर्गणी काढून अख्खे रस्ते दिव्यांनी सजवतात. ती रोषणाई बघायला आलेलं कुटुंब सहसा रिकाम्या हाताने परतत नाही, हे मंडळांना पक्कं ठाऊक असतं.

आभाराची पाळी येते प्रतिपदेला. दारात शेणाचा गोवर्धन, गोविंददेवजींच्या मंदिरात अन्नकूट, आणि शहरभर कढी, बाजरी, मूग, भात आणि सगळ्या भाज्यांची एकत्र शिजवलेली भाजी असा प्रसाद. बाजरी नि मूग म्हणजे राजस्थानचा खरीप, तेव्हा हा उघड सुगीचा सण आहे. आपण मराठी माणसं त्या दिवशी पाडवा करतो आणि साडेतीन मुहूर्तांच्या नावाने पुन्हा सराफाकडे जातो! हत्यारं-अवजारांचे आभार तेवढे खंडेनवमीला मानून झालेले असतात.

अमेरिकेत क्रम उलटा. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी आभारदिनाचं टर्कीचं जेवण, शुक्रवारी दुकानांवर झुंबड. पण ही तारीखही बाजारानेच हलवून पाहिली होती. १९३९ साली नोव्हेंबरात पाच गुरुवार होते. शेवटचा ३० तारखेला, म्हणजे नाताळच्या खरेदीला जेमतेम साडेतीन आठवडे. दुकानदारांच्या आग्रहावरून अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सण २३ तारखेवर आणला. लोक खवळले. काही राज्यांनी नवी तारीख पाळली, काहींनी जुनीच. अखेर १९४१ मध्ये कायद्यानेच चौथा गुरुवार ठरवला. आपल्याकडे तिथीवरून पंचांगकर्ते भांडतात. तिथे चक्क दुकानदार भांडले, त्यामुळे मला हा किस्सा फार आवडतो.

शेजारच्या कॅनडात हिवाळा लवकर येतो, पीकही लवकर निघतं. तिथला आभारदिन १९५७ पासून ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी असतो आणि खरेदीशी त्याचा फारसा संबंध नाही. सवलतींचा मोठा दिवस पूर्वापार नाताळनंतरचा, २६ डिसेंबर. मात्र गिऱ्हाईक नोव्हेंबरात सीमा ओलांडून अमेरिकेत जाऊ लागलं, तेव्हा कॅनडाच्या दुकानदारांनीही तो शुक्रवार उचलला. आता जयपूरच्या मॉलमध्येही त्याच्या पाट्या लागतात, आदल्या गुरुवारच्या जेवणाशी काडीचा संबंध नसताना.

तसं हे शहर अमेरिकेच्या बाजाराशी आधीपासूनच बांधलेलं आहे. जोहरी बाजाराच्या गल्ल्यांत पैलू पाडलेले पाचू आणि इतर खडे, सांगानेर-बगरूचे ठशांनी छापलेले टेबलक्लॉथ, नाताळच्या झाडाला टांगायच्या ब्लू पॉटरीच्या वस्तू, असा कितीतरी माल अमेरिकेच्या नाताळात विकला जातो. समुद्रमार्गे जाणारा माल वेळेत पोचायचा तर पावसाळ्यातच हातावेगळा करावा लागतो. ठसे भिजल्या हवेत मारायचे आणि कापड वाळायची वाट बघत बसायचं. म्हणजे इथल्या ठसे मारणाऱ्या छिप्याचा नाताळ श्रावण-भाद्रपदात येतो.

२७ ऑगस्ट २०२५ रोजी अमेरिकेने बहुतांश भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं, ते ऐन या धावपळीत. त्या वर्षीची धनत्रयोदशी १८ ऑक्टोबरला आली, तेव्हा सोनंही दहा ग्रॅमला सव्वा लाखाच्या वर होतं. जयपूरच्या जवाहिऱ्याला एकाच हंगामात दोन्ही बाजारांची चिंता करावी लागली.