काकाकुव्याचा तुरा काय सांगतो?

काकाकुवा म्हणजे तुरा असलेला पोपट. जाती सुमारे 21. मूळ घर ऑस्ट्रेलिया, इंडोनेशिया, न्यू गिनी, फिलिपिन्स. छोटा कॉकेटिलही याच कुळातला.

तुरा: मागे सैल पडलेला असेल तर पक्षी शांत. अर्धवट उचललेला, म्हणजे कुतूहल. ताठ उभा तुरा मात्र फसवा: आनंद, दचकणे, राग, तिन्ही शक्य. निवाडा बाकीच्या अंगावरून करावा. सोबत शेपटी पंख्यासारखी पसरली, फुत्कार आला, तर हात मागे घ्या. तुरा डोक्याला चिकटलेला आणि अंग आक्रसलेले, ही भीती.

चोच: झोपेआधीची हलकी करकर समाधानाची. गालांची पिसे पुढे येऊन चोच झाकली, की स्वारी निवांत.

मुंबईत रे रोडच्या घरात: हार्बर लोकलची धडधड, ट्रकचे हॉर्न यांनी नवा पक्षी बिचकतो. पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला लागून ठेवावी.

कायदा: कॉकेटिल वगळता सर्व काकाकुवे ‘साइटिस’ या आंतरराष्ट्रीय करारात समाविष्ट. वन्यजीव (संरक्षण) कायदा, 1972 मधील 2022 च्या दुरुस्तीनुसार ते पाळणाऱ्याला नोंदणी बंधनकारक.

धोक्याची खूण: दिवसभर पिसे फुगवून बसणे, श्वासागणिक शेपटी हलणे, स्वतःची पिसे उपटणे. पक्षी आजार लपवतात. खूण दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. त्याच दिवशी पशुवैद्य गाठा. परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय रे रोडपासून जवळ आहे.